फेंडर डिलक्स रिव्हर्ब : साल कसं ठरवायचं, आणि आपल्याकडच्या विजेवर कुठल्या ट्यूब लावायच्या?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडं फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा गिटारचा अँप आहे, काळ्या पट्टीचा, अमेरिकेतला ११७ व्होल्टवाला. इथं आल्यापासून अजून विजेला जोडलेला नाही. मागची फळी काढून जे वाचता आलं ते देतो.

पुढच्या पट्टीवर कंपनीच्या नावात 'म्युझिकल' शब्द आहे. पॉवर ट्रान्सफॉर्मरवर ६०६-६-०८, आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर ६०६-६-११. स्पीकरच्या कडेला ४६५६१३. पॉटच्या (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) पाठीवर १३७६६०७, पण एका पॉटवर वेगळाच आकडा, ३०४७३२२. कुठं कुठली ट्यूब (काचेचा व्हॉल्व्ह) लावायची ते सांगणारा कागद आत चिकटवलाय, त्यावर 'पी-ई' असा शिक्का.

ट्यूबचं म्हणाल तर पहिल्या जागी मुलार्ड कंपनीची, काचेवर बुडाशी 'आय६३' आणि त्याखाली 'बी५एफ२'. आउटपुटला दोन ६व्ही६जीटी, एक आरसीएची आणि एक सिल्व्हेनियाची. रेक्टिफायरच्या (एसीची डीसी करणाऱ्या ट्यूबच्या) जागी ५यू४जीबी आहे, कागदावर मात्र जीझेड३४ लिहिलंय.

साल १९६६ धरावं की १९७३? मुलार्डवरून १९६५ निघतं का? आणि ट्यूब नव्या घ्यायच्या तर कुठल्या?

सोल्डरगन (छत्रपती संभाजीनगर)

माहिती व्यवस्थित दिलीत, त्यामुळं सालाचा प्रश्न जवळजवळ इथंच सुटतो.

सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे कागदावरचा शिक्का. फेंडरच्या पद्धतीत पहिलं अक्षर सालाचं : ए म्हणजे १९५१, बी म्हणजे १९५२, असं करत क्यू म्हणजे १९६७. दुसरं अक्षर महिन्याचं : ए जानेवारी, एल डिसेंबर. पी सोळावं अक्षर, म्हणजे १९६६. ई म्हणजे मे. तुमचा अँप मे १९६६ मध्ये कारखान्यातून तयार होऊन निघाला.

आता बाकीचे आकडे त्याला साक्ष देतात का ते बघू. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे असतात. ६०६ म्हणजे शुमाकर, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, २२० असतं तर जेन्सन. ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरवर पुढचा एक आकडा सालाचा शेवटचा अंक आणि त्यानंतरचे दोन आठवड्याचे. ६०६-६-०८ म्हणजे सहा साली आठवा आठवडा. हे 'सहा' १९५६, १९६६, १९७६ यातलं काहीही असू शकतं, ते दशक अँपच्या रूपावरून ठरवायचं. काळी पट्टी आणि रिव्हर्ब असलेला डिलक्स १९५६ चा असूच शकत नाही. पॉटवर सालाचे दोन अंक असतात, त्यामुळं तिथं घोळ नाही : १३७६६०७ म्हणजे सीटीएस, १९६६, सातवा आठवडा.

म्हणजे पॉट फेब्रुवारीच्या मध्यावरचे, पॉवर ट्रान्सफॉर्मर फेब्रुवारीअखेरचा, आउटपुट मार्चच्या मध्यावरचा, स्पीकर मार्चअखेरचा आणि शिक्का मे महिन्याचा. माल येऊन जोडणी व्हायला लागतो तेवढाच वेळ मध्ये गेलाय. पाच स्वतंत्र पुरावे एका रेषेत येणं ही चांगली गोष्ट आहे. स्पीकरसुद्धा मूळचा आहे, तो कुणी कितीही 'बदला' म्हटलं तरी बदलू नका.

पट्टीवरचं नावही जुळतं. सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीनं फेंडर जानेवारी १९६५ मध्ये घेतली आणि त्यानंतर काही महिन्यांनी पट्टीवरचं 'इलेक्ट्रिक' जाऊन 'म्युझिकल' आलं.

पूर्णाथडी (परभणी)

वरच्या हिशेबाला एक पुरवणी. नियम असा की मूळ भागांपैकी जो सगळ्यात अलीकडचा, त्याच्या आधीचा अँप असू शकत नाही. यातला 'मूळ' हा शब्द विसरला की माणूस ३०४७३२२ बघून १९७३ म्हणून मोकळा होतो. तो पॉट स्टॅकपोलचा, १९७३ चा बाविसावा आठवडा. बाकी सगळं १९६६ चं असताना तो एकटाच सात वर्षं पुढं, म्हणजे नंतर बसवलेला. खात्री करायची तर सोल्डर बघा. कारखान्याचं सोल्डर जुनं होऊन राखाडी, मंद दिसतं आणि वायर टॅगला एकदा वळवून मग भरलेली असते. दुरुस्तीच्या सांध्यावर बहुतेक वेळा फ्लक्सचा पिवळट-तपकिरी थर राहतो, वायरचं कापड कडेला भाजलेलं असतं, आणि जुन्या वायरीचं कापलेलं टोक टॅगमध्येच अडकलेलं सापडतं.

उलट बाजूनंही सांभाळा. फेंडरनं १९६६ मध्ये सीटीएसचे पॉट भरपूर घेऊन ठेवले होते, ते पुढं १९६८-६९ पर्यंतच्या मालात निघतात. म्हणून नुसता पॉट ६६ चा दिसला की अँप ६६ चा, असं म्हणता येत नाही. इथं ट्रान्सफॉर्मर आणि शिक्का सोबत आहेत म्हणून हरकत नाही.

सिरियल नंबरचे तक्ते फिरतात, त्यांच्यावर मदार ठेवू नका. नंबर ठोकलेली चॅसिस गठ्ठ्यानं पडलेली असायची आणि हाताला येईल ती उचलली जायची.

सोल्डरगन

मुलार्डचं राहिलं. 'आय६३' हा ट्यूबच्या प्रकाराचा संकेत आहे, ती ईसीसी८३, म्हणजेच १२एएक्स७. खालच्या ओळीत बी म्हणजे ब्लॅकबर्नचा कारखाना, ५ हे साल, एफ म्हणजे जून, २ म्हणजे दुसरा आठवडा. इथंही ५ म्हणजे १९६५ किंवा १९७५. पण अँपच्या वयाशी याचा संबंध नाही. ट्यूब हा बदलायचाच भाग आहे. ट्यूबवरून अँपचं साल काढणं म्हणजे टायरवरून ट्रॅक्टरचं साल काढणं. छाप पुसली जाते, खोटीही मारली जाते, म्हणून मुलार्ड विकत घेताना छापलेल्या नावापेक्षा काचेवरच्या या दोन ओळी शोधा.

गोदाकाठ (नांदेड)

ट्यूबची खरेदी थांबवा जरा. आधी भिंतीतल्या विजेचं बघू, कारण ट्यूबवर किती व्होल्ट पडणार हे तिथंच ठरतं.

हा ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्ट, ६० सायकलसाठी (हर्ट्झसाठी) गुंडाळलाय. आपल्याकडं ५० सायकल. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात चुंबकत्व किती भरतं ते व्होल्ट भागिले सायकल यावर असतं. तिकडं ११७ भागिले ६०, म्हणजे १.९५. तेच ११७ व्होल्ट आपण ५० सायकलवर दिले तर २.३४, म्हणजे २० टक्के जास्त. गाभा तुडुंब भरतो, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. गुणोत्तर जसंच्या तसं ठेवायचं तर ९७.५ व्होल्टच द्यावे लागतील. पण मग ट्यूब आतून तापवणारा हीटर मरतो : ६.३ च्या जागी ५.२५ व्होल्ट. ट्यूबच्या हीटरला दहा टक्के खालीवर चालतं, म्हणजे ५.७ ते ६.९. ५.७ मिळायला किमान १०६ व्होल्ट लागतात. म्हणून मधला मार्ग ११० व्होल्टचा. हीटर ५.९२, गाभ्यावरचा जादा भार १३ टक्क्यांच्या आसपास.

तुमचा ट्रान्सफॉर्मर हे सोसतो का ते ट्यूब न लावता कळतं. सगळ्या ट्यूब काढा, स्टेपडाउनमधून (२३० चे ११० करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून) ११० व्होल्ट द्या, अर्धा तास ठेवा. नुसता कोमट झाला तर ठीक. काहीही भार नसताना हात टेकवत नसेल, तर तो इथं चालवू नका. हॅमंड फेंडरसाठी २३० व्होल्ट ५० सायकलचे बदली ट्रान्सफॉर्मर बनवते, तो बसवा आणि शुमाकर कागदात गुंडाळून अँपसोबतच ठेवा. त्याच्यावर ६०६-६-०८ आहे, तो विकायचा नाही.

दुसरं, घरचा व्होल्टेज दिवसातून तीन वेळा मोजा. संध्याकाळी शेतीच्या मोटारी आणि घरोघरचे कूलर एकदम चालू असताना २०५ आणि मध्यरात्री २४५, हे खेड्यात नेहमीचं आहे. २०५ वर तुमचे ११० चे ९८ होतात. स्टेपडाउनच्या आधी स्टॅबिलायझर हवाच, आणि त्यात जादा व्होल्टेजला तोडणारा कटऑफ हवा. खांबावरचं न्यूट्रल तुटलं की सिंगल फेजच्या घरात ३००-३५० व्होल्टसुद्धा येतात, तेव्हा अँपचा फ्यूज वेळेत उडेल या भरवशावर राहू नये.

प्रवासात वापरायचे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर अजिबात नकोत. लोखंड-तांब्याचाच ट्रान्सफॉर्मर पाहिजे.

गेजपट्टी (जालना)

स्टेपडाउन बाजारात मिळतो, पण बहुतेक ऑटो असतात, म्हणजे आत एकच वाइंडिंग. या कामाला दोन वेगळी वाइंडिंग असलेला आयसोलेशनचा घ्या. मिळत नसेल तर गुंडाळून घ्या. मोटार रिवाइंडिंगची दुकानं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत, पण हे काम मोटारवाल्याला न देता स्टॅबिलायझर गुंडाळणाऱ्याला द्या. चिठ्ठीवर हे लिहून न्या :

३०० व्हीए, ५० सायकल, चांगलं सीआरजीओ स्टॅम्पिंग (गाभ्याचे खास पोलादी पत्रे), मधल्या पायाचं क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर. व्होल्टला २.४ टर्न. प्रायमरी २३० व्होल्ट, ५५२ टर्न, २१ गेज तांबं. सेकंडरी १८ गेज, भारावर पडणारा व्होल्टेज धरून ५ टक्के जादा, म्हणजे ११० साठी २७७ टर्न. त्याच वाइंडिंगवर १०६ ला २६७ वर आणि ११७ ला २९५ वर टॅप काढायला सांगा. प्रायमरी-सेकंडरीच्या मध्ये पूर्ण रुंदीचा कागद, कडेला मोकळी जागा न सोडता. शेवटी वार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवलेला हवा, नुसता ब्रश फिरवलेला नको. नाहीतर पत्रे घरघरतात आणि ती घरघर तुम्ही ट्यूबवर ढकलत बसता.

ॲल्युमिनियमची तार घालून वजन भरतात, तेवढं समोर उभं राहून बघा.

मांजराकाठ

आभार. घरी सकाळी २३२, संध्याकाळी सातला २०८, रात्री अकराला २४३. स्टॅबिलायझर घेतो. अँपची वायर दोन पिनची आहे आणि मागं 'ग्राउंड' लिहिलेला एक स्विच आहे, त्याचं काय करायचं?

गोदाकाठ

तो स्विच एका कपॅसिटरला जातो, ०.०४७ मायक्रोफॅरड, ६०० व्होल्ट. विजेच्या एका वायरीतून थेट चॅसिसला. तो आतून शॉर्ट झाला तर चॅसिस, तिथून गिटारच्या तारा आणि वाजवणाऱ्याचे हात, सगळ्यांत वीज. तो कापून काढा. यावर दुमत नको. मूळपणाची काळजी वाटत असेल तर पिशवीत घालून ठेवा.

मग तीन कोर वायर, १ चौरस मिलिमीटर. तपकिरी आधी फ्यूजला, तिथून स्विचला. निळी ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला. हिरवी-पिवळी चॅसिसला स्वतंत्र बोल्टनं, रंग खरवडून, स्टार वॉशर घालून, आणि बाकीच्या दोघींपेक्षा लांब ठेवा. म्हणजे वायर ओढली गेलीच तर ती सगळ्यात शेवटी तुटते. फ्यूज २ अँपिअर, स्लो-ब्लो.

पण वायर तीन पिनची केली म्हणजे अर्थिंग झालं असं नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडभोवतीची माती आक्रसून सुटते आणि मे महिन्यात अर्थिंग नावालाच उरतं. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ दोन्ही मोजा, आकडे जवळजवळ सारखे हवेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवा. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळाभर त्यात पाणी घालत राहा. रिव्हर्ब लावल्यावरची गुणगुण कित्येकदा ट्यूबमध्ये नसून इथं असते.

आणि स्टेपडाउन आयसोलेशनचा असेल तर अँपची हिरवी वायर त्यातून सरळ पुढं भिंतीच्या अर्थपर्यंत गेलीच पाहिजे. स्टेपडाउनच्या पेटीवर दोनच भोकांचं सॉकेट असेल तर ते बदला.

अनुनाद (बीड)

आता ट्यूबकडं येऊ, पण त्याआधी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. १९६६ चे असतील तर ते संपलेत, हळूहळू व्होल्टेज देऊन 'जागे' करायच्या फंदात पडू नका. चॅसिसवरच्या पत्र्याच्या झाकणाखाली १६ मायक्रोफॅरडचे पाच आहेत. १६ किंवा २२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचे घाला. गुणगुण कमी होईल म्हणून ४७ चे नकोत : जीझेड३४ च्या मागं पहिल्या कपॅसिटरची मर्यादा ६० मायक्रोफॅरड आहे आणि इथं दोन समांतर जोडलेत. बायसचा (आउटपुट ट्यूबचा करंट आवरणाऱ्या व्होल्टेजचा) एक वेगळा लहान कपॅसिटर असतो, तो १०० व्होल्टचा घ्या आणि त्याचं अधिक टोक चॅसिसला जोडा. बायसचा पुरवठा ऋण असतो, इथं भल्याभल्यांचा हात उलटा पडतो. उलटा बसला की काही वेळानं बायस जातं आणि आउटपुट ट्यूब लाल होतात. निळे ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर मात्र उगाच बदलू नका, ते या अँपचं धन आहे.

हात घालण्याआधी ४७ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर पहिल्या कपॅसिटरला लावून चार्ज काढा आणि मीटरवर १० व्होल्टच्या खाली आलंय हे बघूनच पुढं जा. अँप बंद करून रात्र गेली तरी हे करायचंच.

जागा अशा. मागून बघताना उजवीकडून डावीकडं : नॉर्मल चॅनल १२एएक्स७, व्हायब्रेटो चॅनल १२एएक्स७, रिव्हर्बला ढकलणारी १२एटी७, रिव्हर्ब परत घेणारी १२एएक्स७, ट्रेमोलोची (फेंडर यालाच व्हायब्रेटो म्हणतं) १२एएक्स७, फेज इन्व्हर्टर (दोन आउटपुट ट्यूबना उलटसुलट सिग्नल देणारी) १२एटी७, मग दोन ६व्ही६ आणि शेवटी जीझेड३४. कागदावर ७०२५ लिहिलेलं दिसेल, ती कमी गुणगुणीची १२एएक्स७च.

तुमची मुलार्ड चालू असेल तर ती दुसऱ्या जागी लावा, रिव्हर्ब आणि व्हायब्रेटो वाजवणार तो चॅनल तिथून सुरू होतो. तिसऱ्या जागी १२एटी७ शिवाय दुसरं काही नको. तिथं रिव्हर्बच्या ट्रान्सफॉर्मरला करंट लागतो आणि १२एएक्स७ तेवढा देऊ शकत नाही, रिव्हर्ब केविलवाणा होतो. आवाज फार लवकर फाटतोय असं वाटलं तर दुसऱ्या जागी ५७५१ लावून बघा, १२एएक्स७ ची गेन (सिग्नल वाढवण्याची पट) १०० तर हिची ७०.

रेक्टिफायर परत जीझेड३४ करा. ५यू४जीबी हीटरला ३ अँपिअर खाते, जीझेड३४ ला १.९ पुरतात. ५० सायकलवर आधीच तापणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर हा १.१ अँपिअरचा जादा बोजा कशाला? सॉकेटमध्ये बसणारे सिलिकॉन डायोडचे प्लग मात्र नकोत, त्यानं ६व्ही६ वरचा व्होल्टेज चढतो.

६व्ही६ हीच खरी निवड. सर्किटच्या नकाशात ट्यूबच्या प्लेटवर ४१५ व्होल्ट आहेत, तुमच्या ११० वर ३९० च्या आसपास येतील. जुन्या अमेरिकन ट्यूबनी हे वर्षानुवर्षं सोसलं. नव्यात स्लोव्हाकियाची जेजे आणि रशियात बनणाऱ्या टंग-सोल, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स हे सोसतात. जुन्या सोव्हिएत ६पी६एस स्वस्त दिसतात, पण त्या इतक्या व्होल्टेजच्या नाहीत. ६एल६ बसते म्हणून लावू नका : हीटरला ०.४५ च्या जागी ०.९ अँपिअर, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर तिच्या मापाचा नाही. जोडी मॅच्ड (सारखा करंट घेणारी) घ्या. बाहेरून मागवताना टपालखर्च आणि जकात एकदाच पडावी म्हणून एक जादा १२एएक्स७ आणि एक जादा १२एटी७ त्यातच घ्या.

कयाधू (हिंगोली)

जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडं भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या ट्यूब अजून पडून असतात. त्यातल्या यात काही चालतील का?

अनुनाद

ईसीसी८३ आणि ईसीसी८१ मिळाल्या तर बिनधास्त घ्या, त्या म्हणजेच १२एएक्स७ आणि १२एटी७. ईएल८४ कितीही मिळाल्या तरी इथं उपयोग नाही, तिचा तळ नऊ पिनचा आणि ६व्ही६ चा आठ पिनचा. ईसीसी८५ दिसायला सारखी, तळही सारखा, पण हिच्या नवव्या पिनला हीटरच नाही, आतलं शील्ड आहे. या अँपच्या सॉकेटमध्ये ती पेटणारच नाही.

घेताना काचेच्या आतला चंदेरी डाग बघा. कडेला तपकिरी असेल तर चालेल. पांढरा, दुधाळ झाला असेल तर हवा शिरली, ती ट्यूब गेली. हीटरची सलगता मीटरवर बघा : ईसीसी८३ ला चार-नऊ आणि पाच-नऊ पिनमध्ये, ६व्ही६ ला दोन-सात. मग घरी लावून आवाज अर्ध्यावर ठेवून पेन्सिलीच्या रबरानं टिचक्या मारा. थोडं टकटक ऐकू येणारच, पण घंटेसारखं रेंगाळलं तर ती पहिल्या दोन जागांवर नको, फेज इन्व्हर्टरला किंवा ट्रेमोलोला द्या.

मांजराकाठ

सगळं झालं. कपॅसिटर बदलले, तीन पिनची वायर, ग्राउंड स्विचचा कपॅसिटर काढला. ट्यूबशिवाय अर्धा तास : ट्रान्सफॉर्मर कोमट. मग २३० च्या बाजूला १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू केला, बल्ब उजळून मंद झाला. थेट जोडल्यावर, जीझेड३४ घालून : ११०.५ व्होल्ट, हीटर ५.९५, प्लेट ३९४. दोन्ही ६व्ही६ च्या आठव्या पिनला १ ओहमचा रेझिस्टर घातला. आरसीए ३० मिलिव्होल्ट, सिल्व्हेनिया २१. आरसीएच्या प्लेटवर अंधारात शिवणीजवळ फिकट लाल दिसतं. नवी जोडी यायची आहे.

अनुनाद

लाल दिसतंय तर बंद ठेवा, नवी जोडी येईपर्यंत वाजवू नका. १ ओहमवर १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँप. ३९४ गुणिले ०.०३० म्हणजे ११.८ वॉट. ६व्ही६जीटी ची मर्यादा १४ वॉट, म्हणजे ही ८४ टक्क्यांवर उभीच आहे, आणि सिल्व्हेनिया ८.३ वर. ८४ टक्क्यांवर चांगली ट्यूब लाल होत नाही, तेव्हा दोष ट्यूबचा की सॉकेटचा हे आधी ठरवा. दोन्ही ट्यूब काढून पाचव्या पिनवर डीसी मोजा. दोन्हीकडं उणे ३३ च्या जवळपास सारखंच आलं तर दोष ट्यूबचा. आरसीएच्या बाजूला आकडा शून्याकडं सरकलेला असेल तर त्या बाजूचा ०.१ चा कपॅसिटर गळतोय, निळा असला तरी तेवढा एक बदला. नाहीतर नवी ट्यूबही तिथं लाल होईल.

मांजराकाठ

उणे ३३.४ आणि उणे ३३.२.

अनुनाद

मग कपॅसिटर ठीक आहेत, ती आरसीएच थकलीय. नवी जोडी लावताना स्पीकर जोडलेला असल्याची खात्री करा, भाराविना अँप चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. बायसचा पॉट आधी सर्वात थंड बाजूला, म्हणजे जास्तीत जास्त ऋण. दहा मिनिटं तापू द्या, मग हळूहळू २२-२३ मिलिव्होल्टपर्यंत आणा. ३९४ वर २३ म्हणजे ९ वॉट, ६५ टक्के. करंट कमी केला की प्लेटचा व्होल्टेज थोडा चढतो, म्हणून दोन्ही परत मोजून गुणाकार परत करा. ७० टक्क्यांच्या वर नेऊ नका. हे सगळं संध्याकाळी न करता रात्री अकरानंतर करा, तुमच्याकडं व्होल्टेज तेव्हाच सगळ्यात वर असतो. स्टॅबिलायझर असला तरी तो पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो, आणि वरच्या पायरीवर ट्यूब सुरक्षित असल्या की खालच्या पायरीवर काळजी नाही.

पूर्णाथडी

अँप भिंतीपासून अर्धा फूट पुढं ठेवा. ट्यूब उलट्या टांगलेल्या असतात, उष्णता चॅसिसकडंच चढते, आणि एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीला असते. मागच्या फळीवर कापड टाकू नका. तो १९७३ चा पॉट नीट चालत असेल तर राहू द्या, फक्त कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून वीसेक वेळा फिरवा.